जादा किलोमीटर

१ जुलै, मंगळवार

डॉ. सुहास म्हणाले, "हमीदभाई, रोजची नोंद ठेवा." हे मला सांगावं लागत नाही. मळवलीतल्या अकरा बंगल्यांचे पंप मी सांभाळतो. कुठल्या मोटारीचं बेअरिंग कधी बदललं, कुठली किती अँपिअर ओढते, सगळं माझ्या वह्यांत आहे. आठवीत शाळा सुटली. आयटीआयचं दार पाहिलं नाही. जे येतं ते मोटारी खोलून खोलून आलं. तेव्हा ही आणखी एक वही. पंपाऐवजी मी.

सुरुवातीची स्थिती: वय ५३. वजन ८१.५. तीन महिन्यांची साखर ९.४. गोळ्या चालू, शिवाय रोज चालणं नाहीतर सायकल. सप्टेंबरच्या शेवटी आकडा आठच्या खाली आला नाही तर इन्सुलिनची सुई. सुईला मी भीत नाही. अब्बांना सुई होती. सुई असूनही पाय गेला. डावा, गुडघ्याखाली. शेवटची चार वर्षं खिडकीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायचे. मला मोजायची खोड तिथून लागली, असं माझी बायको हसिना म्हणते.

सायकल सात नंबर बंगल्यावरची. मालकांचा मुलगा परदेशी गेल्यापासून गॅरेजात चार पावसाळे पडून होती. मालक म्हणाले, भंगारात जाण्यापेक्षा घेऊन जा. भंगार त्यांच्या लेखी. चेन डिझेलमध्ये भिजवली, बेअरिंगं धुऊन नवीन ग्रीस भरलं, ब्रेकच्या तारा बदलल्या. हँडलला किलोमीटर दाखवणारा छोटा मीटर लावला. चाकाचा घेर कागदावर छापलेला घेतला नाही. चाकाला खडूची खूण केली, ओट्यासमोर तीन फेरे पुढे नेलं, टेपने अंतर मोजलं, भागिले तीन. २.०६ मीटर. सीटची उंची: टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. दांडा नळीच्या वर १९.५ सेंटिमीटर.

वही हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली. वर पक्कड, तोंड भिंतीकडे. त्या पेटीला माझ्याशिवाय घरात कोणी हात लावत नाही. तेव्हा इथे खरं तेच लिहायचं.

२ जुलै, बुधवार

फजरची नमाज झाल्यावर ५:४५ ला निघालो. मळवली ते कार्ला फाटा आणि परत. ४.६ किमी, २६ मिनिटं. इंद्रायणीच्या पुलावर दम लागला. पूल सपाट आहे.

घरी आलो तर हसिना दारात उभी.

"आलात?"

"दिसतोय ना."

"न्हाई, म्हटलं अख्खे आलात का बघावं."

३ जुलै, गुरुवार

खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. डाव्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला तर कळत नाही. टेस्टरच्या टोकाने टोचून पाहिलं. उजवा बोलतो, डावा गप्प. अब्बांचं इथूनच सुरू झालं होतं. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. हसिनाला तर मुळीच सांगणार नाही. ती रडेल, आणि ती रडली की माझे हिशेब चुकतात.

५ जुलै, शनिवार

हसिनाने आज माझे मोजे उलटे करून आतून पाहिले आणि नवीन जाड मोजे काढून दिले. संध्याकाळी पायांना खोबरेल चोळत बसली. म्हणाली, "भेगा पडल्यात." भेगा नाहीत. पण नको म्हटलं नाही.

८ जुलै, मंगळवार

सकाळी उठल्यावर "आज पाऊस फार आहे" असं मन म्हणतं. फार म्हणजे किती, हे मनाला विचारलं तर सांगता येत नाही. म्हणून पावसाच्या पायऱ्या ठरवल्या. भुरभुर असली तर रेनकोट पिशवीत. रिपरिप असली तर अंगावर. सर आली तर चष्मा खिशात आणि वेग कमी. झड असेल तर फक्त कार्ला फाट्यापर्यंत. कोसळत असेल तर जायचं नाही, आणि त्याला सबब म्हणायचं नाही. दार उघडून, हात बाहेर काढून आधी पायरी ठरवायची. मगच मनाला बोलू द्यायचं.

एक सोय आपोआप झाली आहे. आमची गोधडी पहाटे नेहमी हसिनाच्या बाजूला ओढली जाते. बरोबर पाचच्या सुमारास मला गारठ्याने जाग येते. तिची ही झोपेतली सवय इतकी वर्षं कधी लक्षात आली नव्हती.

बूटही सकाळपर्यंत वाळतात. हसिना आत वर्तमानपत्राचे बोळे भरते, पण मुख्य कारण म्हणजे बूट ठेवायची जागा मी योग्य निवडली.

११ जुलै, शुक्रवार

आज पुढे गेलो. जुन्या हायवेने वाकसईपर्यंत. एका बाजूने ४.९ किमी. तिथे एका बंगल्याच्या फाटकाशी हात थरथरायला लागले. गार पावसात घाम. पत्र्याच्या आडोशाला दहा मिनिटं बसलो. रिकाम्या पोटी गोळी आणि सायकल, दोन्ही एकदम झालं असावं. हसिनाला सांगितलेलं नाही.

तिथले वॉचमन हौशीराम आबा, सत्तरीचे. म्हणाले, "काय पावनं, कुटली शर्यत जिंकायची हाय?" मी मळवलीचा हमीद, पंपाचं काम करतो, असं सांगितलं. ते चहा ठेवत होते. त्यांनी डब्यातून साखर काढली तसं मी त्यांना थांबवलं, आणि साखर रक्तात काय करते, नसा कशा खराब करते, ते नीट समजावून सांगितलं. वीस मिनिटं. बोलता बोलता बरं वाटलं.

"म्हंजी जहरच म्हना की," ते म्हणाले. "मंग तुमचा बिनसाखरेचा. ध्यानात ठिवतो."

१२ जुलै, शनिवार

रेनकोटच्या खिशात प्लास्टिकच्या पुडीत चार खजूर. हसिनाला विचारलं तर म्हणते, "माधवीनं दिल्यात, संपंनात." माधवीवहिनी शेजारच्या. त्या खजूर कधीपासून आणायला लागल्या, माहीत नाही. वाकसईला दोन खाल्ले. हात स्थिर.

शनिवारी सकाळपासूनच पर्यटकांच्या गाड्या. एकाने काच खाली करून "काका, जोर लगा के" म्हटलं. काका मी त्याचा नव्हे.

२२ जुलै, मंगळवार

सतरा दिवस गेलो, चार दिवस नाही. आता वलवणपर्यंत जातो. एका बाजूने ७.२. परतताना वाकसईला आबांचा बिनसाखरेचा चहा, पाच मिनिटं. घरी ६:५० च्या आत.

मीटरमध्ये दोष दिसतो. काल सकाळी परत आल्यावर एकूण आकडा १३४.२ लिहिला होता. आज निघताना १३५.१. सायकल दिवसभर ओट्यावर उभी होती. ०.९ किमी कुठून आले?

२४ जुलै, गुरुवार

पुन्हा. काल ०.६, आज १.४. चाकावरचा लोहचुंबक घट्ट केला, सेन्सर पुसला. माझा अंदाज असा: आमचं घर रुळांपासून साठ पावलांवर. लोकल जाते तेव्हा वरच्या तारेतून मोठा प्रवाह वाहतो. त्याचं चुंबकत्व सेन्सरला चाक फिरल्यासारखं वाटत असावं. हे पुस्तकात कुठे नसेल. पण पुस्तक लिहिणारे रुळांशेजारी राहत नाहीत.

जादा आकड्यांचा वेगळा रकाना केला. मथळा: "दोष". माझ्या एकूणातून तो रोज वजा करणार. न चालवलेले किलोमीटर मला नकोत.

२५ जुलै, शुक्रवार

हसिनाचं कोपर खरचटलं आहे. मोरीत घसरले म्हणते. मोरीत शेवाळ नाही, मी बोट फिरवून पाहिलं. तरी फरशी घासून घेतली. औषध लावताना ती हसत होती. लागलेलं माणूस हसतं का?

२७ जुलै, रविवार

सुट्टी म्हणून प्रयोग केला. सकाळी दहा ते दुपारी तीन सायकलीसमोर खुर्ची टाकून बसलो. नऊ लोकल, चार एक्स्प्रेस, दोन मालगाड्या गेल्या. मीटर पॉइंट एकनेही हलला नाही. रविवारी गाड्या कमी असतात, हे त्याचं कारण असावं.

हसिना तीनदा बाहेर येऊन गेली. शेवटी म्हणाली, "दिवसभर हितंच बसनार का?"

"का? तुला काही काम आहे?"

"मला कसलं काम?"

माधवीवहिनी त्यांच्या दारातून म्हणाल्या, "भाऊजी, सायकल अंडी घालनारे का?" दोघी बराच वेळ हसत होत्या. विनोद एवढा मोठा नव्हता.

३१ जुलै, गुरुवार

सायकल पुसताना सीटच्या दांड्यावर एक बारीक लाल रेघ दिसली. नळीच्या तोंडाशी, बरोबर १९.५ वर. आधी कशी दिसली नाही? कंपनीची खूण असणार. म्हणजे मी अंदाजाने काढलेली उंची कंपनीच्या मापाशी जुळली. समाधान वाटलं. हसिनाला दाखवली.

"कंपनी हुशार असल," ती म्हणाली.

६ ऑगस्ट, बुधवार

आज गुडघा दुखला. पाहिलं तर सीट खुणेच्या खाली अर्धा सेंटिमीटर. क्लॅम्प सैल झाला होता. आवळला. संध्याकाळी जेवताना बोललो, की अर्ध्या सेंटिमीटरनेही गुडघ्यावर किती भार पडतो. हसिना एकदम गंभीर झाली. "लय दुखतं का?" असं दोनदा विचारलं, आणि गुडघ्यालाही खोबरेल.

वहीवरची पक्कड आज उलट्या तोंडाने होती. मीच ठेवली असणार. वय होत चाललं.

१६ ऑगस्ट, शनिवार

पाच दिवस गेलेलो नाही. झड आहे, पण झडीत कार्ला फाट्यापर्यंत जायचं असं माझंच लिहिलेलं वर आहे. पायरी ठरवायला दारापर्यंतही गेलो नाही. गोधडी ओढली गेली तर मी चादर घेतली.

खरं लिहायचं तर, अंगठा. तो तसाच आहे. एवढं रोज भिजायचं, कुडकुडायचं, आणि तो गप्पच. मोटारीची वाइंडिंग जळली असली तर वरून कितीही तेलपाणी करा, ती फिरत नाही. अब्बाही आधी रोज सकाळी भाजे गावापर्यंत चालत जायचे. एका पावसाळ्यात थांबले. आम्ही कोणी म्हटलं नाही की जा. आम्हाला वाटलं, म्हातारा माणूस, पाऊस आहे, राहू दे.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज नोंद करण्यासारखी गोष्ट. मी बारा तारखेपासून सायकलीला हात लावलेला नाही. मीटर या दिवसांत ११.८ किमीने पुढे गेला आहे. नुसत्या शुक्रवारी ३.४. त्या दिवशी दुपारी जुम्याला गेलो होतो, आणि मशिदीतून येताना रिपरिप चालू होती.

लोकलचा सिद्धांत डळमळतो आहे. पण ते राहू दे. वहीत दोन रकाने शेजारी आहेत. माझा रकाना: ०, ०, ०, ०, ०, ०. दोषाचा रकाना: १.१, १.८, २.०, ३.४, १.५, २.०. उभी असलेली सायकल माझ्यापेक्षा नेटाने पळते आहे. हे पान माझ्यानंतर कोणी वाचलं तर काय म्हणेल?

दार उघडलं. हात बाहेर. झड. कार्ला फाटा, ४.६ किमी. परत आलो तेव्हा हसिना दारात. टॉवेल आधीच हातात होता.

२७ ऑगस्ट, बुधवार

माधवीवहिनींकडे गणपती बसले. उकडीचे मोदक दोन खाल्ले. दोन म्हणजे दोनच. तिसरा हसिनाने माझ्या ताटातून उचलून स्वतः खाल्ला. आरतीनंतर वहिनींची मुलगी पायल म्हणाली, "मावशी, उद्या येताय ना?" हसिनाने तिच्याकडे असं पाहिलं की पोर प्रसादाकडे पळाली. कुठे, ते विचारायचं राहून गेलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

वजन ७७.२. सलग एकोणीस दिवस. वलवणपर्यंत २६ मिनिटं. आबा म्हणाले, "हमीदभाऊ, तुमी आलात की मी पानी ठिवतो. न्हाई आलात तर च्या गॉड लागत न्हाई." बिनसाखरेचा चहा गोड कसा लागेल, हे त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुमाला मोटारीतलं कळतं."

१८ सप्टेंबर, गुरुवार

सोमवारी रक्त द्यायचं आहे. आजपासून खजूर बंद. चार दिवस पोट रिकामं ठेवून पूर्ण पल्ला मारला तर आकडा आणखी थोडा खाली खेचता येईल. तीन महिन्यांची सरासरी चार दिवसांत फारशी हलत नाही हे मला कळतं. पण पॉइंट एकने सुई टळते किंवा लागते. आजचे चार खजूर आबांच्या कुत्र्याला दिले. हसिनाला सांगायचं कारण नाही. पुडी रिकामी दिसली की झालं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार, दुपार

सगळं क्रमाने लिहितो.

पहाटे दारातून हात बाहेर काढला. कोसळत होता. माझ्या नियमाने जायचं नव्हतं. गेलो. फोन भिजेल म्हणून घरी ठेवला. निघण्याची वेळ ५:४५. वलवण ६:१३. तिथपर्यंत ठीक. वळलो आणि पाय कापसाचे झाले. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला चार दिवे. आबांच्या फाटकाशी उतरलो तेव्हा ६:२६ झाले होते. घर अजून किती, म्हणून वजाबाकी करायला गेलो. चौदा पॉइंट चारातून किती वजा करायचे, तेच सुचेना. मग सातातून पाच. सातातून पाच किती, हे मला जमेना. पावसाची भीती वाटली नव्हती. याची वाटली.

आबा छत्री घेऊन धावत आले, आत खुर्चीवर बसवलं. "थरथरताय की वो! थांबा, गरम च्या देतो." चहा दिला. मी प्यायलो. आणखी एक दिला. तोही प्यायलो. कसलाच फरक पडेना. काहीतरी मागायला हवं होतं, त्याचं नाव जिभेवर येत नव्हतं. आबा माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होते, "घ्या, तुमचाच हाय. बिनसाखरेचा. चिमूटभर टाकली न्हाई."

तेवढ्यात रस्त्यावर एक दिवा. डुलत येत होता. मला वाटलं, एवढ्या पावसात कुठली शाळकरी मुलगी निघाली? गुलाबी सायकल, पुढे जाळीची टोपली. वर माझा जुना पिवळा रेनकोट. सायकल फाटकाजवळ आली आणि थांबायचं चिन्ह दिसेना.

तेवढं मात्र मला सुचलं. ओरडलो, "ब्रेक! डावा दाब! हसिना, डावा!"

तिने दोन्ही पाय रस्त्यावर घासले आणि फाटकाच्या खांबाला जाऊन टेकली. उजव्या हातातला ब्रेक घट्ट धरलेला, कशालाच न लागलेला. पायलच्या सायकलीचा पुढचा ब्रेक तुटला आहे, हे नंतर पाहिलं. आता बसवून दिला.

"तुला सायकल येते?"

"आदी तोंड उघडा."

एक खजूर. "चावा." दुसरा. तिसरा. मग टोपलीतून बाटली, साखरेचं पाणी. तिच्या हातातून पाणी गळत होतं. पावसाचं किती, बाटलीचं किती, सांगता येणार नाही.

"वहिनी, मी दोन कप पाजला व्हता की," आबा म्हणाले. "त्यांचा बिनसाखरेचा."

"आबा, यांना आज साखरच पायजे व्हती."

"आरं माझ्या कर्मा!" आबांनी कपाळावर हात मारला. "दोन म्हैने मला शिकवत्यात, साखर जहर हाय म्हनून! म्हनलं, मरायच्या टायमाला तरी मानसाचा नेम मोडू नये!"

हसिना हसली आणि हसता हसता खाली बसली. माझे बूट काढले, मोजे काढले, माझी पावलं मांडीवर घेऊन ओढणीने पुसायला लागली. डाव्या अंगठ्यावर हात थांबला. मी दुसरीकडे पाहिलं.

दहा मिनिटांनी सातातून पाच दोन झाले.

मग बाकीचेही आकडे आले. ०.९. १.४. ३.४. "कधी शिकलीस?" असं विचारलं.

"तुमी बंगल्यावर गेल्यावर. माधवी मागनं धरायची. आता सोडती."

"कुठल्या सायकलवर?"

ती माझ्या सायकलीकडे पाहत राहिली. मी सीटच्या दांड्याकडे पाहिलं. नखाने लाल रेघ खरवडली. नेलपॉलिश. आमच्या मुलीची, रुमाईसाची. ती लग्न होऊन गेली, बाटली इथेच राहिली होती.

"खूण केली," हसिना म्हणाली. "मला खाली करावी लागायची. परत तितंच बसायला नको? तुमी अर्धा सेंटिमीटर धरून बसता."

"आणि का शिकलीस?"

"तुमी लांब लांब चाललात. रिक्शावाला यास्तवर काय करनार मी? आगगाडी काय वाकसईला थांबती?"

दोघं सायकली हातात धरून पावसातून चालत आलो. ४.९ किमी, १ तास १४ मिनिटं. या रस्त्यावर एवढा वेळ मला कधी लागला नाही. आणखी लागला असता तरी चाललं असतं.

१९ सप्टेंबर, संध्याकाळ

एक हिशेब जुळत नव्हता. ती आबांच्या फाटकाशी पोचली ६:४४ ला. हे आबांच्या भिंतीवरच्या घड्याळात मी नीट पाहिलं होतं, बाकी काही नीट दिसत नसताना. माधवीवहिनी म्हणतात, पायलची सायकल मागायला हसिना सव्वासहाला आली. म्हणजे ४.९ किमी २९ मिनिटांत, कोसळत्या पावसात, निम्म्या ब्रेकवर. ताशी दहाच्या वर. माझ्या पहिल्या आठवड्यापेक्षा फारसं कमी नाही.

पण सव्वासहाला मला उशीर झालेला नव्हता. सव्वासहाला मी वलवणला होतो, आणि रोज ६:५० ला येतो. उशीर व्हायच्या आधी ती का निघाली?

तिला विचारलं, घड्याळ पाहून निघालीस का? म्हणाली, "घड्याळ बघून सुटायला मी काय लोकल हाय?"

खजूर बंद केल्याचं मी फक्त एका ठिकाणी लिहिलं होतं.

पेटी उघडली. पक्कड उलट्या तोंडाने. मागची पानं चाळली. अकरा जुलै: हात थरथरले. बारा जुलै: खजूर. सहा ऑगस्ट: गुडघा, त्यानंतर सीट एकदाही हललेली नाही. सोळा ऑगस्टला मी जे लिहिलं, त्यानंतर रविवारी मी दुपारी झोपलो होतो तेव्हाही दोषाच्या रकान्यात दोन किलोमीटर. रविवारी तोवर कधीच नव्हते.

आणि तीन जुलै. आणि पाच जुलैचे मोजे.

वही दुसरीकडे ठेवावी का, हा विचार केला. सिमेंटच्या टाकीमागे एक कोरडी जागा आहे. मग वही पेटीत परत ठेवली. पान्यांच्या वर. पक्कड ठेवली नाही.

"दोष" हा शब्द खोडला. त्या रकान्यावर "हसिना" लिहिलं. बेरीज: ६३.७ किमी. त्यात आजचे ४.९ धरलेले नाहीत, ते दुसऱ्या सायकलीवरचे. वेगळी ओळ करून लिहिले.

२४ सप्टेंबर, बुधवार

आकडा ७.८. डॉ. सुहास खूश. मग शुक्रवारचं सांगितलं तेव्हा अजिबात खूश नाहीत. गोळी निम्मी केली, रिकाम्या पोटी सायकल बंद, खिशात साखर कायम. "स्वतः डॉक्टर होऊ नका, हमीदभाई." मी म्हटलं, मला कोणी काही शिकवलेलं नाही म्हणून सवय आहे. हसिना शेजारी बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही तक्रार? मी म्हटलं, नाही. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

चार नंबर बंगल्याच्या गॅरेजात बायकांची एक जुनी सायकल आहे, हिरवी. मालकीणबाईंनी दिली. चाकं सरळ आहेत. दोन्ही ब्रेक नवीन बसवणार, मीटरही वेगळा. रविवारपर्यंत तयार होईल.

हसिना, तुझ्या सीटची उंची किती? खाली लिही.

लाल खुनेच्या खाली दोन बोटं. आन अंगठा डाक्टरला दाखवल्याबिगर मी सायकलीवर बसनार न्हाई. तीन जुलैपासनं वाट बगते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

अंगठा दाखवला. आधी दाखवायला हवा होता, यावर डॉक्टर बराच वेळ बोलले. सुरुवात आहे, सांभाळता येईल म्हणाले. पाय रोज पाहायचे. स्वतः पाहिलेले चालणार नाहीत, दुसऱ्या कोणीतरी पाहायचे. "कोण पाहील?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, जुलैपासून पाहिले जात आहेत.

दोन बोटं म्हणजे ३.१ सेंटिमीटर. माझी नव्हे. ओट्यावर बसून तिचा हात हातात घेऊन मोजली. खात्रीसाठी तीनदा.